काचेतला समुद्र आणि गावचा तलाव

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. आमच्याकडे वैनगंगा आहे, मोठमोठे मालगुजारी तलाव आहेत, गावोगाव बोड्या आहेत. नाही तो फक्त समुद्र. वरठीच्या स्टेशनवर गाडीत बसावे तर मुंबईचा समुद्र सुमारे ९०० किलोमीटर दूर! त्यामुळे आमच्या घरी समुद्र आहे असे मी वर्गात सांगितले, तेव्हा अतिशयोक्ती अलंकाराचे चालतेबोलते उदाहरण म्हणून साऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. पण वाचकहो, हा समुद्र खरोखरच आहे. तो चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून आमच्या बैठकीच्या खोलीत, आजोबांच्या तसबिरीखाली, लोखंडी घोड्यावर उभा आहे.

हा उद्योग माझ्या दादाचा. त्याचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. लहानपणी एकदा मुंबईला गेलो असताना मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय आम्ही पाहिले होते. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेले ते मत्स्यालय कित्येक पिढ्यांनी डोळे विस्फारून पाहिले असेल. बाकीची माणसे पाहून घरी आली आणि विसरली. दादा मात्र विसरला नाही. दुकान जरा बरे चालू लागताच त्याने काचा आणल्या, जोडल्या आणि समुद्र करायला घेतला.

गोड्या पाण्यातले मासे पाळणे सोपे. समुद्र मात्र विकतच्या मिठापासून सुरू करावा लागतो, आणि ते मीठ स्वयंपाकघरातले नव्हे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आमच्या टाकीत अडीचशे लिटर पाणी मावते. म्हणजे जवळजवळ नऊ किलो क्षार! त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी कायकाय ठरलेल्या प्रमाणात हवे. नळाचे पाणी चालत नाही, गाळून गाळून नितळ केलेले लागते. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचे गाव; पण आईची पितळी कळशी टाकीजवळ नेण्यास दादाची सक्त मनाई! पितळेत तांबे असते, आणि तांब्याचा किंचित अंश पाण्यात उतरला तरी गोगलगायीसारखे जीव मरतात. "माझ्या लग्नातल्या कळशीला विटाळ मानणारा समुद्र आजच पाहिला," असे आई म्हणाली.

टाकीत चुनखडीचे पांढरे खडक रचले, तळाला वाळू घातली, आणि महिनाभराने पट्टेवाल्या विदूषक माशांची एक जोडी आली. प्रवाळ मात्र आणले नाही. आपल्याकडे खडक रचणारी प्रवाळे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आणि दादा त्या बाबतीत काटेकोर आहे.

माझे अक्षर बरे म्हणून टाकीची नोंदवही माझ्याकडे आली. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला होता. तो अशा रीतीने परत जोडला गेला. दर रविवारी पाण्याचे तापमान, खारटपणा आणि इतर चार-पाच गोष्टी मी लिहून ठेवी. त्यातली एक गोष्ट म्हणजे फॉस्फेट. पाच मिलिलिटर पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, ठरल्या वेळाने रंग पाहायचा. फॉस्फेट असेल तर पाणी निळे होते. जितके जास्त, तितका निळा रंग गडद. दिसायला फार सुंदर परीक्षा! पण त्या निळाईचा आनंद मानायचा नसतो हे मला लवकरच कळले.

वहीत पहिल्या आठवड्याचा आकडा आहे ०.०२. म्हणजे एका लिटरमध्ये मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग. पाचव्या आठवड्यात ०.०८, नवव्या आठवड्यात ०.२१ आणि बाराव्या आठवड्यात ०.३८! स्वच्छ समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा पहिल्या आकड्याच्याही खाली असतो. आधी खडकांवर तपकिरी साय धरली. नव्या टाकीत ती येतेच, असे म्हणतात. मग ती गेली आणि तिच्या जागी हिरवे केसाळ शेवाळ आले. वाळूवर तांबूस बुळबुळीत पापुद्रे पसरले. पांढरे खडक महिन्याभरात म्हाताऱ्याच्या दाढीसारखे दिसू लागले, फक्त दाढी हिरवी! बाबा येता-जाता म्हणत, "घरात गटार पाळायला एवढे पैसे कशाला घालवायचे? गटार तर दारातूनच वाहते आहे."

हे फॉस्फेट येते तरी कोठून, असा प्रश्न मला पडला. त्याचा बाप जो फॉस्फरस, त्याची कथा मोठी गमतीची आहे. १६६९ साली हॅम्बुर्ग शहरात हेनिंग ब्रांट नावाच्या किमयागाराने सोने करण्याच्या नादात मूत्र आटवले. सोने मिळाले नाही. अंधारात चमकणारा एक पदार्थ हाती आला. त्याचे नाव पडले फॉस्फरस, म्हणजे प्रकाश वाहणारा. हा प्रकाश वाहणारा आपल्या हाडांत आहे, दातांत आहे, प्रत्येक पेशीच्या गाभ्यात आहे. त्याच्यावाचून गवताचे पातेही उगवत नाही. तेव्हा फॉस्फेट हे काही विष नव्हे. ते अन्न आहे. प्रश्न एवढाच की, कोणाचे अन्न आणि किती.

टाकीत ते मुख्यतः खाद्यातून येते. माशांच्या कोरड्या खाद्यात शंभरात साधारण एक भाग फॉस्फरस असतो. रोज एक ग्रॅम खाद्य टाकले तर दहा मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे तीस मिलिग्रॅम फॉस्फेट आत गेले. अडीचशे लिटर पाण्यात ते वाटले गेले की आकडा दिवसाला ०.१२ ने वाढायला हवा! तो तितका वाढत नाही, कारण थोडे माशांच्या अंगी लागते, थोडे शेवाळ खाते आणि थोडे चुनखडीचे खडक शोषून घेतात. दादाने हा हिशेब दुकानातल्या पाठकोऱ्या बिलावर करून दाखवला, तेव्हा आईने हळूच मान खाली घातली. दुपारी घरात कोणी नसले की "उपाशी राहतील बिचारे" म्हणून तीही दोन चिमटी टाकीत असे. मायेचेही वजन असते, आणि ते मिलिग्रॅममध्ये मोजता येते!

आता यातली खरी मेख सांगते. माशांच्या मलमूत्रातून नायट्रोजनही पाण्यात येतो. पण त्याला निदान एक वाट आकाशाकडे मोकळी असते. सूक्ष्म जंतू त्याचे रूप पालटत पालटत शेवटी त्याचा वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. फॉस्फेटला ही वाट नाही. ते उडून जात नाही, सडून संपत नाही, उकळून नाहीसे होत नाही. पाण्यातून शेवाळात, शेवाळातून गोगलगायीत, गोगलगायीतून पुन्हा पाण्यात. घर बदलते, घराबाहेर पडत नाही. आत आले ते आतच राहते, जोवर कोणी स्वतःच्या हाताने ते उचलून बाहेर नेत नाही तोवर.

मग दादाने उपाय सुरू केले. पाणी बदलणे हा पहिला उपाय. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढायचे आणि ताजे खारे पाणी घालायचे. गणित असे सांगते की दहावा हिस्सा पाणी काढले तर फॉस्फेटही दहावा हिस्साच जाते, म्हणजे ०.३८ चे ०.३४. पण दोन दिवसांनी पाहावे तर आकडा परत होता तेथेच! कारण ते खडक. पाण्यात फॉस्फेट वाढले की ते गिळून बसतात आणि पाणी स्वच्छ केले की हळूहळू परत सोडतात. गावातला जुना सावकार जसा वही काढतो, तसा खडक मागचा सारा हिशेब काढतो. पाणी नवे असले तरी देणे जुनेच असते.

दुसरा उपाय म्हणजे गंज! हो, लोखंडाचा गंज. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे जाळीच्या पिशवीत भरून पाण्याच्या वाटेत ठेवले की फॉस्फेट त्यांना चिकटते. दाणे भरले की पिशवी काढून टाकायची. ज्या गंजाने दादाच्या दुकानातल्या मोटारी खराब होतात, तोच येथे औषध झाला, याचे त्याला फार कौतुक वाटले. यात एक पथ्य आहे. सारे दाणे एकदम घालायचे नाहीत, कारण पाण्याचा गुण झटक्यात पालटला तर जिवांना तो सोसत नाही. म्हणून आधी चतुर्थांश, मग थोडे आणखी. शिवाय आकडा शून्यावर आणणे हेही आरोग्य नव्हे. साऱ्यांचे अन्न संपले की जे चिवट आणि त्रासदायक तेवढेच जीव उरतात. दुष्काळात गावातले कोण टिकते आणि कोण गाव सोडते, हे ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तिसरा उपाय मला सर्वांत आवडला. शेवाळ फॉस्फेट खाते ना, मग त्यालाच खाऊ द्यावे, पण आपण म्हणू तेथे! टाकीखालच्या लहान डब्यात दादाने गुंतवळासारखे दिसणारे एक हिरवे समुद्रशेवाळ ठेवले आणि त्यावर दिवा लावला. ते वाढू लागले. दर पंधरा दिवसांनी त्यातला मूठभर गुंता काढायचा. त्या मुठीबरोबर तिने खाल्लेले फॉस्फेटही टाकीबाहेर जाते. शेतकरी जसे पीक कापतो, तसे हे पाण्याचे पीक. आणि खाद्यावर आईच्याच देखरेखीखाली शिस्त आली. चोवीसाव्या आठवड्याला वहीत ०.०७ हा आकडा मी लिहिला. खडक अजून दुधासारखे पांढरे नाहीत. पण ते आता खडक म्हणून ओळखू येतात.

या साऱ्यात एक गोष्ट मी शिकले. आकडा फसवू शकतो. मधल्या एका आठवड्यात शेवाळ सर्वांत दाट असताना पाण्यातला आकडा चक्क उतरला होता. मी आनंदून गेले. दादा म्हणाला, "पाणी मोजलंस, शेवाळ कुठे मोजलंस? ते सगळं त्याच्या पोटात आहे." पाणी नितळ दिसते म्हणजे ते निरोगी असेलच असे नाही.

इथपर्यंत ही गोष्ट एका काचेच्या पेटीची होती. पेटीबाहेर ती कशी गेली ते आता सांगते. माझी एक मैत्रीण ढिवर समाजातली आहे, साकोली तालुक्यातली. तिचे वडील गावच्या मच्छीमार संस्थेचे सभासद. गावच्या तलावात रोहू, कतला, मृगळ यांचे बीज टाकायचे आणि उन्हाळ्यापर्यंत वाढलेले मासे विकायचे, यावर त्यांचा संसार. गेल्या भाद्रपदात तीन-चार दिवस आभाळ भरून होते, वारा पडलेला होता. चौथ्या दिवशी पहाटे सारे मासे तोंड वर काढून आचके देऊ लागले आणि उन्हे येईतो पाळीच्या कडेने पांढरी पोटे तरंगू लागली. कोणी म्हणाले विष घातले, कोणी म्हणाले दृष्ट लागली. मैत्रिणीची परीक्षा-फी त्या माशांतून येणार होती. ती आठ दिवस कॉलेजला आली नाही.

आली ती आमच्या घरी, टाकी पाहायला. वही चाळता चाळता ती थबकली आणि म्हणाली, "आमचा तलाव असाच हिरवा होता गं. अगदी असाच." मग दादाने सांगितले ते मी येथे थोडक्यात देते. हिरवे पाणी दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्री तेच तो पिते. शेवाळ जितके दाट, तितकी रात्रीची ओढ जास्त. त्यात आभाळ असले की दिवसाची मिळकत कमी आणि वारा नसला की वरूनही काही मिसळत नाही. मग पहाटे माशांच्या वाट्याला काही उरत नाही. विष कोणी घातलेच पाहिजे असे नाही. अन्न जास्त झाले तरी पुरते.

पुढच्या रविवारी तिने तलावाचे पाणी बाटलीत भरून आणले. थेंब टाकले. निळा रंग तक्त्यावरच्या शेवटच्या घराहूनही गडद झाला. आम्ही तिघेही काही वेळ बोललो नाही.

तलावात फॉस्फेट येते कोठून? बांध्यांमध्ये धानाला डीएपी टाकतो, त्यात शंभराला ४६ भाग स्फुरद असते. ते मातीला चिकटून पावसाच्या पाण्याबरोबर खाली येते. गुरे येतात, सांडपाणी येते, कपडे धुण्याच्या पावडरी येतात, निर्माल्य येते. प्रत्येकाचे थोडे थोडे. कॅनडात ओंटारिओ प्रांतात १९७३ साली डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तलावाच्या मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. काही आठवड्यांत फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला. दुसरा होता तसाच राहिला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र जगभर गाजले. पडद्याच्या दोन्ही बाजूंना तोच तलाव, तेच ऊन, तेच आभाळ!

आमच्या जुन्या माणसांनी असा प्रयोग केला नव्हता. पण त्यांची एक रीत होती. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी येथे तलाव बांधले. उन्हाळ्यात पाणी आटले की तळाचा काळा गाळ बंड्या भरभरून शेतात नेला जाई. शेताला खत मिळे आणि तलाव मोकळा होई. त्या गाळाबरोबर वर्षभराचे फॉस्फेटही तलावाबाहेर पडत होते, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण जेथून आले तेथेच ते परत जात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली (भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता) आणि तलाव सरकारचे झाले. मालगुजारी गेली ते बरेच झाले; तिच्यात जुलूमही होता. परंतु तिच्याबरोबर गाळ काढण्याची रीतही ओसरली आणि खताची गोणी घरपोच आली. २०१७ सालापासून शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, तेव्हा जुनीच गोष्ट नव्या नावाने परत आली, असे मला वाटले.

नदीचेही तेच. नाग नदी नागपूरचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, आणि पुढे गोसेखुर्दच्या धरणामुळे पाणी तुंबून उभे राहते. त्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. पुलावरून पाहणारा म्हणतो, काय सुंदर हिरवळ! आमच्या टाकीची वही लिहिल्यापासून मला ती हिरवळ म्हणून पाहता येत नाही. मला तो तक्त्यावरचा निळा रंग दिसतो.

मैत्रिणीच्या वडिलांना हे सारे सांगायला आम्ही गेलो, तेव्हा मनात धाकधूक होती. पुस्तकी पोरी काय सांगणार, असे ते म्हणतील असे वाटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पानी जे खाते ते त्याच्या पोटातच रायते बाई. काढाले मानूस लागते." अडीचशे लिटर पाणी आणि चोवीस आठवडे खर्चून आम्ही जे शिकलो, ते त्यांनी पाळीवर उभे राहून एका वाक्यात सांगितले! मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मागच्या वर्षी संस्थेने तलावातली बेशरम आणि जलपर्णी उपटली होती. पण तिचे ढीग पाळीच्या आतल्या उतारावरच राहिले. पावसात ते कुजले आणि वाहून पुन्हा पाण्यात गेले. "मेहनत आमची गेली, खाणं पान्याचंच झालं," असे ते म्हणाले.

या वर्षी संस्थेने ठरवले आहे की काढलेली प्रत्येक काडी पाळीच्या पलीकडे न्यायची आणि कुजवून शेतात टाकायची. शेतकऱ्यांशी गाळाबद्दल बोलणे सुरू आहे. काहींना पटले आहे, काहींना गोणीच बरी वाटते. दोनशे एकरांचा तलाव म्हणजे चार फुटांची टाकी नव्हे. तेथे गंजाची पिशवी लटकवून भागत नाही, आणि एका उन्हाळ्यात काही पालटेल अशी कोणाची समजूतही नाही. तलावाचे खडक म्हणजे त्याचा गाळ. तोही मागचा हिशेब बरीच वर्षे काढत राहील.

माझ्या वहीत आता एक रकाना वाढला आहे. दर महिन्याला मैत्रीण बाटली आणते. तलावाचे पाणी आम्ही चार पट नितळ पाणी घालून पातळ करतो आणि मग मोजतो, म्हणजे रंग तक्त्यात बसतो. आलेल्या आकड्याला पाचाने गुणून तो मी तिच्या रकान्यात लिहिते. त्याशेजारी आम्ही आणखी एक आकडा लिहू लागलो आहोत: त्या महिन्यात किती बंड्या पाळीपलीकडे गेल्या. पाण्याचा आकडा फसवू शकतो. बंड्यांचा सहसा फसवत नाही.